रक्त काढण्याआधी बोला: मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ आणि त्यांच्या संघटना,
सोनोग्राफी केंद्रांचे व पॅथॉलॉजी लॅबचे चालक,
तसेच बृहन्मुंबई महानगरपालिकेचे सार्वजनिक आरोग्य खाते

डॉक्टर मंडळी, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मावसबहिणीला भेटायला कांजूरमार्गला गेले होते. तिचं वय २६, पहिलंच बाळंतपण, चौदा आठवडे उलटून गेलेले. फाईल चाळली. हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, एचआयव्ही, रक्तगट, सगळं जागच्या जागी. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्तातले दोन घटक मोजणारी तपासणी) मात्र नाही. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता किती, हे सांगणाऱ्या या चाळणी तपासण्या; पक्कं निदान त्या करत नाहीत. तिने डॉक्टरांना विचारलं होतं, असं ती म्हणाली. उत्तर मिळालं, "तुझं वय काय! हे सगळं पस्तिशीनंतरच्या बायकांसाठी असतं."

हे पत्र त्या वाक्यामुळे लिहिते आहे. माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे, आणि तो झाला तेव्हा आमची आई २४ वर्षांची होती.

मी स्वतः ३७व्या वर्षी आई झाले. म्हणजे आमच्या घराने पस्तिशीच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. अलीकडे असलेल्या बाईला कुणी काही सांगत नाही, आणि पलीकडे गेलेलीला सगळे घाबरवतात. समजावून मात्र दोघींनाही कुणी सांगत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

आधी वयाबद्दल, कारण सगळी गल्लत तिथूनच सुरू होते. आईच्या वयाबरोबर बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता वाढते यात वादच नाही. बाईची सगळी स्त्रीबीजं ती स्वतः जन्मायच्या आधीच तयार झालेली असतात. वर्षं जातात तशी त्यांतली गुणसूत्रांची जोडी नीट सुटी होण्याची क्रिया चुकण्याचं प्रमाण वाढतं, आणि एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची येते. वयाच्या २०व्या वर्षी साधारण १५०० बाळंतपणांत एक, ३०व्या वर्षी ९०० मध्ये एक, ३५व्या वर्षी ३५० मध्ये एक, ४०व्या वर्षी १०० मध्ये एक. हे आकडे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. पण याच आकड्यांची दुसरी बाजू दवाखान्यात कुणी उच्चारत नाही. सर्वाधिक बाळंतपणं विशीत आणि तिशीच्या सुरुवातीला होतात, त्यामुळे डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या आया बहुसंख्येने पस्तिशीच्या आतल्याच असतात. आमची आई अपवाद नव्हती. तरीही नातेवाईकांनी तिला आयुष्यभर विचारलं, "एवढ्या लहान वयात असं कसं झालं?" गरोदरपणात ग्रहण पाहिलं होतंस का, कसल्या गोळ्या घेतल्या होत्यास का, सासरी की माहेरी कुणाच्या रक्तात आहे? तिला त्या वेळी कुणा डॉक्टरने पाच मिनिटं बसवून गुणसूत्रांचं गणित सांगितलं असतं, तर या प्रश्नांना तोंड द्यायला तिच्याकडे काहीतरी असतं.

३५ हा आकडा निसर्गाने आखून दिलेला नाही. १९७०च्या दशकात गर्भजल तपासणी, म्हणजे बाळाभोवतीचं पाणी सुईने काढून गुणसूत्रं पाहणं, सुरू झाली. सुई घालताना गर्भपाताचा धोका होता, म्हणून ज्या वयाला गुणसूत्रदोषाची शक्यता त्या धोक्याच्या आसपास जाते ते वय धरलं गेलं. तेव्हा रक्ताच्या तपासण्या नव्हत्या, एनटी स्कॅन नव्हता. आज सगळं आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्येच सांगितलं की वय कितीही असो, प्रत्येक गरोदर बाईला चाळणी तपासणीचा पर्याय द्यावा. आपल्याकडे प्रसवपूर्व निदानाच्या १९९४च्या कायद्यात, चौथ्या कलमात, पस्तिशीचा उल्लेख आहे हे खरं. पण तिथे तो अनेक कारणांपैकी एक म्हणून आहे. आधीचे गर्भपात आहेत, कुटुंबातला इतिहास आहे. त्या कायद्याचं मोल मी जाणते. याच मुंबईत गर्भजल तपासणीचा वापर मुली पाडण्यासाठी होत होता, बायकांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. १९९४चा कायदा सैल व्हावा असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण त्याच्यातल्या एका आकड्याची ढाल करून २६ वर्षांच्या मुलीला माहितीच द्यायची नाही, हे त्या कायद्याला अभिप्रेत नाही.

आता रिपोर्टबद्दल. माझा डबल मार्करचा रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून आला. पानावर एक आलेख. खाली आईचं वय १५ ते ४५, चढत जाणारी एक वक्ररेषा, मध्ये आडवी लाल रेघ, आणि त्या रेघेच्या जरासा वर एक ठिपका. तो ठिपका म्हणजे मी. शेजारी १:२१२ आणि लाल अक्षरांत "हाय रिस्क". क्लिनिकला फोन केला, तर मॅडम सोमवारी भेटतील. ते दोन दिवस आमच्या घरात कोण काय जेवलं, कुणाला आठवत नाही. नवरा गुगलवर, मी आलेखावर.

पुढे एका दुसऱ्या, शांतपणे ऐकून घेणाऱ्या डॉक्टरांनी तो कागद मला वाचून दाखवला, तेव्हा कळलं त्यात काय काय होतं. १:२१२ म्हणजे माझ्यासारख्या २१२ बायकांपैकी २११ जणींच्या बाळांना डाऊन सिंड्रोम नसणार. शेकड्यात मांडायचं तर अर्धा टक्काही नाही. माझ्या ३७ वर्षांचीच शक्यता सव्वादोनशेत एकच्या आसपास असते. म्हणजे रक्ताने वेगळं, वाईट असं काही सांगितलंच नव्हतं. लाल रेघ १:२५० वर आखलेली होती, म्हणून निव्वळ वयाच्या जोरावर मी तिच्या वर गेले होते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत ही रेघ १:१५० वर आहे. हाच आकडा तिथे आला असता तर "शक्यता कमी" या गटात गेला असता.

आणखी पुढे. फॉर्मवरचा एनटीचा रकाना रिकामा होता, कारण रक्त आज घेतलं आणि सोनोग्राफी दुसऱ्या दिवशी होती. बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी, आईचं वय आणि रक्तातले दोन घटक, असं एकत्र मोजलं तर ही चाळणी डाऊन सिंड्रोमची १०० पैकी ८५ ते ९० प्रकरणं पकडते. एनटी वगळली की चाळणीची भोकं मोठी होतात. माझं वजन काट्यावर कुणी केलंच नाही, रक्त घेणाऱ्या मुलाने काउंटरवरून विचारलं, "मॅडम, वजन किती लिहू?" आणि मी अंदाजाने सांगितलेलं त्याने लिहिलं. या हिशेबात वजन धरतात, गर्भाची लांबी धरतात, जुळं आहे का, आयव्हीएफ आहे का, दुसऱ्या बाईने दिलेलं स्त्रीबीज असेल तर त्या बाईचं वय, हे सगळं धरतात. यातलं एक चुकलं तरी आकडा हलतो. एनटी घालून हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा माझा आकडा हजारात एकच्या आसपास गेला. त्या शनिवारी ही सगळी माहिती कुणाच्या ना कुणाच्या हाताशी होती. माझ्या हातात मात्र फक्त लाल अक्षरं होती.

पुढे मी कोणती तपासणी केली, त्यात काय निघालं, माझ्या मुलीची गुणसूत्रं किती, हे मी इथे लिहिणार नाही. माझ्याशी नीट बोललं जायला हवं होतं की नाही, याचं उत्तर त्या निकालावर अवलंबून नाही.

सोमवारी काय झालं तेही सांगते. दोन मिनिटांत सांगितलं गेलं, "एनआयपीटी करून टाका, ९९ टक्के अचूक आहे." दहा-पंधरा हजार सहज जातात अशी तपासणी, ती काय सांगते आणि काय सांगत नाही, याबद्दल एक वाक्य नाही. आईच्या रक्तातले बाळाच्या डीएनएचे तुकडे मोजणारी ही तपासणी उत्तम आहे, पण तीही चाळणीच आहे. ९९ टक्के म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १०० बायकांपैकी ९९ जणींचं खरं, असा अर्थ होत नाही. हजारात एकीचा निकाल खोटा पॉझिटिव्ह येतो असं धरा. पंचविशीतल्या हजार मुलींमध्ये खरं प्रकरण साधारण एक, खोटा पॉझिटिव्हही साधारण एक. म्हणजे त्या वयात पॉझिटिव्ह आलेल्या मुलीच्या बाबतीत गोष्ट निम्मी-निम्मी. माझ्या वयात ती बरीच जास्त खरी ठरते. पक्कं निदान हवं तर गर्भजल तपासणी किंवा त्याआधी वारेचा नमुना. तिथला गर्भपाताचा धोका आजच्या अंदाजानुसार अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. नुसत्या एनआयपीटीच्या कागदावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये, हे बाईला आधी, पैसे भरण्याआधी सांगायला हवं.

मी मॅडमना म्हटलं, माझ्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "मग तर तुम्हाला माहितीच आहे, केवढा त्रास असतो."

डॉक्टर, त्या क्षणी विचारण्यासारखा प्रश्न वेगळा होता: भावाचा गुणसूत्रांचा रिपोर्ट आहे का? डाऊन सिंड्रोमच्या सुमारे ९५ टक्के प्रकरणांत एकविसाव्या गुणसूत्राची सुटी तिसरी प्रत असते. तसं असेल तर बहिणीच्या बाळाला त्यामुळे विशेष जादा धोका नसतो. पण तीन-चार टक्के प्रकरणांत ते गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलेलं असतं, आणि त्यातल्या काही घरांत आई किंवा वडील वाहक असतात. तेव्हा निरोगी दिसणारी बहीणही वाहक असू शकते, मग तिचं वय २० असो की ४०. आईच्या कपाटात तो जुना कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला आहे. त्यावर टाइप केलेलं आहे: ४७, एक्सवाय, +२१. म्हणजे सुटी प्रत. माझी ही काळजी एका कागदाने मिटली असती. फॉर्मवरच्या "कौटुंबिक इतिहास" या ओळीपुढे मला न विचारताच "नाही" अशी खूण केलेली होती.

आणि त्रासाचं म्हणाल तर, हो, त्रास आहे. भावाच्या हृदयात जन्मतः छिद्र होतं. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. परळच्या सरकारी रुग्णालयात त्याचं ऑपरेशन झालं. थायरॉईडची गोळी रोज आहे. बोलणं उशिरा आलं. आपल्यामागे याचं कोण पाहणार, हा विषय बाबा रात्री काढतात आणि आम्ही सगळे गप्प होतो. पण माझा भाऊ आज तिशी ओलांडून गेलेला माणूस आहे. कार्यशाळेत कागदी पिशव्या करतो, भांडुपहून लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून एकटा जातो-येतो, गणपतीत आरत्यांचा क्रम चुकला की मोठ्या काकांनाही थांबवतो. योग्य उपचार मिळाले तर ही माणसं पन्नाशी-साठीपर्यंत जगतात. हे दोन्ही खरं आहे, आणि निर्णय घेणाऱ्या जोडप्यासमोर दोन्ही यायला हवं.

मी गर्भपाताच्या विरोधात नाही. निर्णय त्या बाईचा आहे. एखादी म्हणेल, मला हे झेपणार नाही. तिला दोष द्यायचा मला अधिकार नाही. दुसरी म्हणेल, मला हे मूल हवंय. तिला "डोक्यावर परिणाम झालाय का" असं कुणी विचारता कामा नये. आणि जिने तपासणीच नाकारली तिच्या बाळाला पुढे डाऊन सिंड्रोम निघाला, तर "आधी टेस्ट केली नव्हती का?" हा प्रश्न ओपीडीत चार माणसांसमोर नको. हल्ली तो सर्रास विचारला जातो. भावाच्या कार्यशाळेत भेटणाऱ्या तरुण आया हे सांगताना रडतात.

वेळेचाही मुद्दा आहे. एनटी आणि डबल मार्करची खिडकी ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढीच. ती हुकली तर १५ आठवड्यांनंतर क्वाड्रपल मार्कर ही रक्ताची चाळणी, आणि ती कमी प्रकरणं पकडते. अठराव्या आठवड्यात क्वाड्रपल, मग गर्भजल, मग गुणसूत्रांच्या पूर्ण रिपोर्टसाठी दोन-तीन आठवडे, असं करत बाई बाविसाव्या-तेविसाव्या आठवड्यात पोचते. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डाऊन सिंड्रोम दरवेळी दिसतोच असं नाही. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतरही २० आठवड्यांपुढे गर्भपातासाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि २४ च्या पुढे वैद्यकीय मंडळ. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७ वर्षांच्या एका महिलेला २६व्या आठवड्यात गर्भपाताची परवानगी नाकारली. गर्भाला डाऊन सिंड्रोम होता. त्या निकालाबद्दल कुणाचं मत काहीही असो, जी गोष्ट बाराव्या आठवड्यात घरात बसून ठरवता येते, तिच्यासाठी कुठल्याच बाईला सव्विसाव्या आठवड्यात कोर्टात उभं राहावं लागू नये. माझ्या मावसबहिणीची पहिली खिडकी गेली. ती कुणामुळे गेली हे तिच्या फाईलमध्ये लिहिलेलं नाही.

महापालिकेच्या आरोग्य खात्याला एवढंच सांगायचं आहे. प्रसूतिगृहात नाव घालायला येणारी बाई पैसे टाकून दुसरं मत घ्यायला जाऊ शकत नाही. मी जाऊ शकले, म्हणून माझा आकडा पुन्हा मोजला गेला. शहाणपणाचे दोन शब्द खिशाच्या जाडीवर अवलंबून असू नयेत.

आमच्या मागण्या अशा आहेत.

अकराव्या आठवड्याआधी प्रत्येक गरोदर बाईला, वय न पाहता, या तपासणीची माहिती द्या. कशासाठी आहे, काय पकडते, काय सुटतं, आणि ती नाकारता येते, हे चारही सांगा. रक्त काढण्याआधी सांगा, नंतर नाही. प्रसवपूर्व निदानाच्या कायद्याच्या पाचव्या कलमात बाईला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यावी आणि तिची प्रत तिला द्यावी असं स्पष्ट म्हटलेलं आहे. मुंबईत तो कागद मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजरातीत असायला हवा. "इथे सही करा" म्हणून बोट दाखवलं, तर ती संमती होत नाही.

लॅबवाल्यांनो, लाल अक्षरांतला रिपोर्ट थेट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं बंद करा. असा रिपोर्ट डॉक्टरांकडे जाऊ दे, आणि डॉक्टरांनी तो त्याच दिवशी स्वतः फोन करून सांगावा. एनटी घातलेली नसेल तर तसं ठळक छापा. रेघ कितीवर आखली आहे ते छापा, आणि १:२१२ च्या शेजारी "२१२ पैकी २११ बाळांना नाही" हेही छापा. वजन काट्यावर करा.

कुटुंबात कुणाला डाऊन सिंड्रोम असेल तर त्या माणसाचा गुणसूत्रांचा रिपोर्ट मागा.

पक्कं निदान झालेल्या जोडप्याला निर्णयाआधी अशा मुलांवर उपचार करणाऱ्या बालरोगतज्ज्ञाशी आणि, त्यांची इच्छा असेल तर, एखाद्या पालकाशी बोलायची संधी द्या. कुठल्याच बाजूला ढकलू नका.

महापालिकेने आपल्या प्रसूतिगृहांत प्रशिक्षित समुपदेशक नेमावेत, ही एकत्रित चाळणी प्रत्येकीला मोफत मिळावी, आणि पॉझिटिव्ह आलेल्या बाईची पुढची गर्भजल तपासणीही मोठ्या रुग्णालयात वेळेत व्हावी. ज्या बाळाला डाऊन सिंड्रोम आहे त्याची हृदयाची सोनोग्राफी आणि थायरॉईड जन्मानंतर लगेच, आणि फिजिओथेरपी पहिल्या महिन्यांपासून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांमध्ये शोधायच्या आजारांची जी यादी आहे, तिच्यात डाऊन सिंड्रोम २०१३ पासून आहे. त्या यादीचा उपयोग वॉर्डातल्या आईपर्यंत पोचू दे.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना एक लेखी सूचना काढावी की "पस्तिशीनंतरच" हे उत्तर चुकीचं आहे. याला पैसे लागत नाहीत, ही याच महिन्यात होण्यासारखी गोष्ट आहे.

मराठीतला माहितीचा कागद तयार करायचा असेल तर कार्यशाळेतल्या पालकांपैकी काही जण मदतीला तयार आहेत. मजकूर डॉक्टरांनी तपासावा, भाषा आम्ही बघू. रविवार सोडून कुठल्याही संध्याकाळी आम्ही येऊ शकतो. कधी आणि कुठे बसायचं ते कळवा.

आपली,
भांडुपची एक आई